जरीकाम दर पावसाळ्यात काळं पडतं: दोष हवेचा की अस्तराचा?

गणपती-गौरी जवळ आल्या की ठाण्यात आणि नवी मुंबईत तीच तक्रार पुन्हा ऐकू येते. मे महिन्यातल्या लग्नासाठी हौसेनं करून घेतलेलं, दबका-सलम्यानं (तारेच्या बारीक स्प्रिंगांनी) भरलेलं ब्लाउज कपाटातून काढावं, तर सोनेरी काम कुठे तपकिरी, कुठे राखाडी, कुठे चक्क काळं. शिवून देणारी ताई म्हणते, हवा दमट आहे. दुकानदार म्हणतो, नीट ठेवलं नसेल. कारागीर म्हणतो, हल्ली मालच असा येतो. तिघांचंही थोडं थोडं खरं असतं, त्यामुळे नेमका उपाय कुणीच करत नाही आणि पुढच्या श्रावणात नवं ब्लाउज तसंच काळं होतं.

जरीकामाच्या दुरुस्तीचे कपडे माझ्याकडे सतत येतात. त्यातून माझं ठाम मत झालं आहे की ओलावा फक्त वाट मोकळी करतो. जरीला काळं करणारा पदार्थ वेगळाच असतो आणि बहुतेक वेळा तो त्या कपड्यातच शिवलेला असतो किंवा कपाटात त्याला खेटून ठेवलेला असतो. तो कोणता, हे डाग कुठे पडलाय यावरून बरंच कळतं. म्हणून कपडा हातात आल्याबरोबर पुसायला घेऊ नका. आधी खिडकीपाशी उजेडात धरा, उलटसुलट करा, अस्तर उचकून बघा. एकदा पुसलं की हा पुरावा जातो.

आधी जर कसली आहे ते ठरवा

"जर" या एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि तिघींचं दुखणं वेगळं असतं.

खऱ्या जरीत चांदीची तार बारीक बारीक छिद्रांतून ओढून केसासारखी करतात, रुळांमधून काढून चपटी करतात. हा झाला बादला. तो रेशमाच्या धाग्यावर गुंडाळतात आणि वर सोन्याचा मुलामा चढवतात. सुरतेत हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. दुसऱ्या प्रकारात आतली तार तांब्याची, तिच्यावर चांदीचा पातळ थर आणि वर सोनेरी मुलामा किंवा नुसतं रंगीत लॅकर, म्हणजे वार्निशसारखा लेप. दर्जाप्रमाणे तिला कुणी टेस्टेड म्हणतं, कुणी इमिटेशन. तिसरी प्लास्टिकची: पॉलिएस्टरच्या पारदर्शक फिल्मवर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर आणि त्यावर रंग. दबका, सलमा आणि नक्षी नावाची तार यांत मधे धागा नसतो, ती तारेची बारीक स्प्रिंगच असते. ब्लाउजवर आज जो दबका भरला जातो तो बहुतांशी तांब्याच्या तारेचा असतो.

घरी ओळखायचं असेल तर उलट्या बाजूला सुटलेलं धाग्याचं टोक कापून घ्या, चिमट्यात धरा आणि स्टीलच्या ताटलीवर काडीच्या ज्योतीला लावा. प्लास्टिकची जर आक्रसून वितळते आणि कडक गोळी होते. धातूची असेल तर आतला धागा जळून जातो आणि वेटोळी तार शिल्लक राहते. धागा रेशमाचा असेल तर केस जळल्याचा वास येतो, सुताचा असेल तर कागद जळल्याचा. मग दुसरा तुकडा बारीक पॉलिश पेपरवर हलकेच घासा. आत लाल दिसलं तर तांबं, पांढरं चमकलं तर चांदी. दबक्यालाही हीच घासणी लागू पडते. लोहचुंबकाचा इथे काही उपयोग नाही, कारण चांदी आणि तांबं दोन्ही चुंबकाला चिकटत नाहीत.

सोनं काळं पडत नाही, मग सोन्याचा मुलामा असलेली जर का पडते, असा प्रश्न मला नेहमी विचारतात. तो थर अतिशय पातळ असतो आणि त्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. त्या छिद्रांतून गंधकयुक्त वायू खालच्या चांदीपर्यंत पोचतो आणि तिथे सिल्व्हर सल्फाइड तयार होतं. त्याचा थर वाढत जातो तसा रंग बदलतो: आधी पिवळसर, मग तपकिरी, मग जांभळट-निळसर आणि शेवटी काळा. सोनेरी कामावर पहिली पिवळसर पायरी लक्षातच येत नाही. म्हणून "एका रात्रीत काळं झालं" असं वाटतं. खरं तर ते आधीपासून चाललेलं असतं.

डाग कुठे आहे?

सगळं काम सारखंच मंद झालं असेल, पुढे-मागे, बाहीवर-पाठीवर, आणि शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या जरीच्या साडीचंही तेच झालं असेल, तर तो हवेचा परिणाम. आपल्या भागात यासाठी कारणही आहे. ठाण्याची खाडी कोपरीपासून ऐरोली, वाशीपर्यंत पसरलेली आहे आणि तिच्या दोन्ही काठांना कांदळवनाचा काळा चिखल आहे. समुद्राच्या पाण्यात सल्फेट असतं. जिथे हवा पोचत नाही अशा चिखलातले जीवाणू त्याचं हायड्रोजन सल्फाइड करतात. ओहोटीला जो कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो याचाच. निरोगी कांदळवनातही तो येतो, तेव्हा खाडीला नावं ठेवण्याचं कारण नाही. 2015 साली तिथे फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं आणि 2022 साली तिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, याचा मला अभिमानच आहे. मात्र त्या काठावर राहणाऱ्यांच्या नाल्यांची आणि सांडपाण्याची भर त्यात पडते, आणि चांदीला काळं करायला हा वायू इतका कमी पुरतो की तेवढ्याचा वास नाकाला येतही नाही.

घरातली हवा तपासायला यंत्र लागत नाही. चांदीची दोन छोटी नाणी किंवा तारेचे तुकडे एकाच वेळी पुसून स्वच्छ करा. एक कपाटाच्या आत कपड्यांशेजारी ठेवा, एक खोलीत उघड्यावर. उघड्यावरचं लवकर काळवंडलं तर दोष हवेचा. कपाटातलं आधी काळवंडलं तर शत्रू कपाटात आहे. माझ्याकडे आलेल्या तक्रारींत दुसरा प्रकारच जास्त निघतो.

काळेपणा सरळ रेषेत किंवा अरुंद पट्ट्यात असेल तर तिथे काय टेकलं होतं ते आठवा. घडी घालून रबर बँड लावलं असेल तर रबर बँडच्या रुंदीचा काळा पट्टा हमखास उमटतो. रबराला टिकाऊपणा यावा म्हणून त्यात गंधक मिसळून तापवलेलं असतं आणि ते गंधक नंतर हळूहळू बाहेर पडत राहतं. कमरपट्ट्यातलं इलॅस्टिक, कपाटाच्या दाराची रबरी पट्टी, हॅंगरवरचं रबराचं घसरणरोधक आवरण, सगळ्यांचं तेच. पट्टा घडीच्या रेषेवरच असेल आणि जवळून पाहता तिथे तारेला तडे दिसत असतील तर मात्र गंधकाआधी घडीचा दोष आहे. मुलामा तुटून आतलं तांबं उघडं पडलेलं असतं.

फक्त उठावाच्या नक्षीवर काळं पडलंय, बाजूची सपाट वेलबुट्टी मात्र चकचकीत आहे, असं दिसलं तर नक्षीच्या पोटात काय भरलंय ते बघा. जुन्या जरदोजीत (तारेच्या भरतकामात) उठावासाठी सुताच्या दोऱ्याचे वळसे नाहीतर कापडाच्या घड्या भरत. आता वेळ वाचावा म्हणून फोम घालतात, फेल्ट घालतात. रबराचा फोम आणि लोकरीचं फेल्ट दोन्ही गंधकवाले. लोकरीच्या प्रथिनातच गंधक असतं. रेशमाच्या धाग्यात ते जवळजवळ नसतं, म्हणून रेशमावरची जर वर्षानुवर्षं टिकते आणि त्याच कपाटात लोकरीची शाल पांघरून ठेवलेली जर मलूल होते. काश्मीरहून आणलेली शाल पैठणीवर घालून ठेवायची पद्धत अनेक घरांत आहे. दोन्ही वस्तू मौल्यवान, पण त्यांना वेगवेगळे खण द्या.

आता सर्वात जास्त फसवणारा प्रकार. काळं ब्लाउज. हल्ली काळ्या कॉटनवर किंवा काळ्या कॉटनच्या अस्तरावर सोनेरी आरीकाम (आकडीच्या सुईनं केलेलं साखळी टाक्याचं भरतकाम) फार मागितलं जातं, दिसतंही सुंदर. सुती कापड स्वस्तात गडद काळं करायला जे रंग जगभर वापरतात त्यांत सल्फर ब्लॅक सगळ्यांत पुढे आहे. नावातच गंधक आहे. रंगवून झाल्यावर कापड पुरेसं धुतलं नसेल तर त्यात मोकळं गंधक उरतं, आणि ओलावा मिळाला की जरीवर चढतं. अशा कपड्याची ओळख पक्की असते: त्याच कारागिरानं, त्याच आठवड्यात, त्याच पेटीतल्या दबक्यानं लाल रेशमावर केलेलं काम लख्ख राहतं आणि काळ्या कॉटनवरचं काळवंडतं. ऐरोलीतल्या एका बाईंनी बहिणी-बहिणींची दोन ब्लाउज माझ्यासमोर शेजारी ठेवली होती. एक काळ्या अस्तराचं, एक बिस्किटी अस्तराचं. वरचं कापड, नक्षी, दबका सगळं सारखं. काळं अस्तर जिथे गळ्यापाशी दुमडून वर आलं होतं तिथूनच काळेपणा सुरू झाला होता. दोष दबक्याला देत त्या भुलेश्वरपर्यंत जाऊन दुकानदाराशी भांडून आल्या होत्या.

उलट्या बाजूनं काळेपणा जास्त आणि सुलट बाजूनं कमी असेल तर फ्यूजिंगचा (इस्त्रीनं चिकटणाऱ्या अस्तराचा) चिकट थर, बकरम म्हणजे ताठपणासाठी घातलेलं कडक कापड, मागून लावलेला गोंद किंवा खडे चिकटवायचं सोल्युशन तपासा. गोंद ओला असताना लगेच घडी घातली तर त्यातून निघणारी वाफ आत कोंडते. खडे चिकटवलेलं काम दोन दिवस पंख्याखाली मोकळं राहू द्यावं, आणि रबरी सोल्युशन जरीच्या आसपास वापरूच नये.

काम अजून अड्ड्यावरच, म्हणजे कापड ताणून भरतकाम करायच्या लाकडी चौकटीवरच आहे, कपडा शिवलाही नाही, तरी एका बाजूची नक्षी मलूल दिसते. इथे हात बघायचे. कळव्यापासून घणसोलीपर्यंत कितीतरी बायका घरची कामं उरकून अड्ड्यावर बसतात. कांदा, लसूण, हिंग या तिन्हींचा उग्र वास गंधकाच्या संयुगांचा आहे, आणि हिंगाचा हात साबणानंही पटकन सुटत नाही. उकडलेल्या अंड्याचंही तसंच. काम करणारीचा दोष काढण्यासाठी मी हे लिहीत नाही. तिला ही गोष्ट कुणी सांगितलेलीच नसते, आणि काम परत आलं की पैसे मात्र तिचेच कापले जातात. स्वयंपाकानंतर हात दोनदा धुवावेत, कोरडे करावेत, दबका बोटांनी चिवडण्याऐवजी मखमलीच्या तुकड्यावर ओतून सुईनं उचलावा. मखमलीवर स्प्रिंग घरंगळत नाही, हा जुन्या कारागिरांचा शहाणपणा आहे.

काखेत आणि गळ्यालगत काळ्याऐवजी हिरवट-निळसर दिसत असेल तर तो घाम. घामातलं मीठ तांब्याला खातं. एकदा तांब्यात क्लोराइड शिरलं की ओलावा मिळेल तेव्हा तेव्हा ते पुन्हा उमलतं, पुसलं तरी. हिरवं झालेलं काम वाचत नाही, ते काढून नवं भरावं लागतं. समुद्री वाऱ्यानंही थोडंफार हेच होतं, पण घामाइतकं नाही. अत्तर, डिओ कपडा घातल्यावर जरीवर फवारले की त्यातला अल्कोहोल लॅकर विरघळवतो आणि तांबं उघडं पडतं.

लालसर झालेलं काम म्हणजे घासलं गेलेलं काम. पदराखाली, बाहीच्या आतल्या बाजूला, पर्सचा पट्टा येतो तिथे. त्यावर रासायनिक इलाज शोधू नका. आणि प्लास्टिकची जर काळी पडत नाही, ती पांढुरकी होते, आरशाचा पारा उडावा तशी पारदर्शक होते. धुण्याच्या सोड्यासारख्या क्षारांत ॲल्युमिनियम विरघळतं, त्यामुळे मशीनमध्ये साध्या पावडरीत धुतलेल्या ब्लाउजचं सोनं एका धुण्यात जातं. त्यावर गरम इस्त्री फिरवली तर फिल्म आक्रसून कापडालाही चुण्या पडतात.

बरणीची चाचणी

वरच्या सगळ्या प्रकारांत संशय कापड, अस्तर, फोम, गोंद यांच्यावर येतो. तो खरा की खोटा हे काम सुरू करण्याआधी तपासता येतं, आणि मला सगळ्यांत कळकळीनं सांगायचंय ते हेच. संग्रहालयांत कुठलंही कापड, लाकूड, रंग प्रदर्शनाच्या पेटीत वापरण्याआधी एक चाचणी घेतात. ब्रिटिश म्युझियममधल्या अँड्र्यू ऑडी यांनी 1973 साली ती मांडली, म्हणून तिला ऑडी चाचणी म्हणतात. वस्तूचा नमुना, थोडं पाणी आणि चांदी, तांबं, शिसं या तीन धातूंचे घासून स्वच्छ केलेले तुकडे बंद काचेत घालून 60 अंश सेल्सिअसला 28 दिवस ठेवतात, आणि धातूंवर काय उमटलं ते रिकाम्या काचेतल्या तुकड्यांशी ताडून बघतात.

आपल्याला शिसं नको आणि 60 अंशही नकोत. तत्त्व मात्र घरी पुरेपूर वापरता येतं.

काचेच्या दोन सारख्या बरण्या घ्या. मसाल्याच्या किंवा लोणच्याच्या नकोत, त्यांच्या झाकणातला वास जात नाही. झाकणाच्या आतली रबरी किंवा मऊ चकती काढून टाका, कारण ती स्वतःच गंधक सोडू शकते. चकतीऐवजी तोंडावर ॲल्युमिनियम फॉइलचे दोन-तीन थर घट्ट बसवून वरून झाकण लावा. सराफाकडून शुद्ध चांदीच्या तारेचा छोटा तुकडा मागून आणा. नौपाड्यात, जांभळी नाक्याच्या बाजारात, वाशीच्या सराफांकडे विचारलं तर मिळतो. त्याचे दोन भाग करा, बारीक पॉलिश पेपरनं चकाकेपर्यंत घासा आणि त्यानंतर बोट लावू नका, चिमट्यानं धरा. जो दबका वापरणार आहात त्याचेही दोन तुकडे घ्या. चांदीची तार गंधक ओळखते, दबका तुमच्या मालाचा दर्जा ओळखतो.

दोन्ही बरण्यांत बाटलीच्या छोट्या बुचात पाण्यानं ओला केलेला कापसाचा बोळा ठेवा. कापड त्या पाण्याला टेकू नये, पाणी फक्त हवा दमट ठेवायला आहे. एका बरणीत संशयित अस्तराचा तळहाताएवढा तुकडा घाला आणि तार-दबका सुताच्या दोऱ्यानं वरून लोंबते ठेवा. दुसऱ्या बरणीत कापड सोडून बाकी सगळं तसंच. दोन्ही बरण्या घरातल्या उबदार जागी, उन्हात नाही, शेजारी शेजारी ठेवा. माळा चालतो, फ्रिजच्या मागची फळी चालते.

उष्णता कमी असल्यामुळे घरी निकाल हळू लागतो, म्हणून निदान महिनाभर थांबा. मध्ये उघडू नका, काचेतूनच बघा. कापडाच्या बरणीतली चांदी पिवळी-तपकिरी झाली आणि रिकाम्या बरणीतली लख्ख राहिली तर ते कापड जरीखाली वापरू नका. दोन्हींत चांदी काळवंडली तर बरणीतच किंवा कापसात खोट आहे, चाचणी पुन्हा लावा. चांदी दोन्हीकडे लख्ख पण दबका दोन्हीकडे मलूल, म्हणजे दबक्याचा मुलामाच कच्चा आहे. असा माल फेकायची गरज नाही, पण तो नाटकाच्या पोशाखाला, तोरणाला वापरा, लग्नाच्या ब्लाउजला नको.

महिनाभर कोण थांबणार, असा आक्षेप शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणी घेतात. लग्नसराईत नाहीच जमणार, हे कबूल. म्हणूनच ही चाचणी ऑर्डर आल्यावर करायची नाही. पावसाळ्यात हाताला काम कमी असतं तेव्हा आपण नेहमी वापरतो ती अस्तरं, फोम, बकरम, चिकटपट्ट्या एकेक करून बरणीत घालून ठेवायच्या. दिवाळीनंतर काम सुरू होईपर्यंत आपली खात्रीच्या मालाची यादी तयार होते. काळ्या अस्तराचा नवा तागा आला की त्याची पुन्हा चाचणी करावी, कारण एका ताग्याची धुलाई चांगली झाली म्हणून दुसऱ्याचीही झाली असेल असं नाही. तातडी असेल आणि चाचणीला वेळच नसेल तर काळ्या कॉटनऐवजी काळं पॉलिएस्टर किंवा रेशमी अस्तर घ्यावं. पॉलिएस्टरला सल्फर ब्लॅक लावत नाहीत, त्याचे रंग वेगळे असतात.

काळं झालेलं कसं सोडवायचं

लिंबू, चिंच, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, राख. पितळेच्या समईला यातलं बरंच चालतं, जरीला काहीच चालत नाही. समईत धातू जाडजूड असतो, थोडा घासला गेला तरी खाली पितळच. जरीवर मुलाम्याचा थर एका घासण्यात संपतो आणि खालचं तांबं वर येतं. आंबट पदार्थ आतल्या धाग्यात उतरतो, तिथून निघत नाही आणि पुढच्या पावसाळ्यात तिथेच हिरवं फुटतं. खायच्या सोड्याच्या गरम पाण्यात फॉइल घालून चांदी उजळवायची युक्ती मोबाइलवर सगळ्यांनी पाहिलेली असते. चांदीच्या वाटीला ती लागू पडते. जरीचा कपडा त्यात बुडवला तर रेशमाचा रंग सुटतो, अस्तर आटतं, उठावाचा कापूस दिवसेंदिवस ओला राहतो. तसं करू नका.

खरी जर काळी झाली असेल तर घाबरण्यासारखं फार नसतं. सल्फाइडचा थर वरचा असतो, खाली चांदी शाबूत असते. जुन्या शालूंची जर विकत घेणारे काळी जरही वजनावर घेतात ते याचसाठी. मऊ, कोरड्या ब्रशनं, मेकअपचा नवा ब्रश उत्तम, टाक्यांच्या दिशेनं धूळ झटका आणि थांबा. किंचित काळसर झालेली जुनी जर मला स्वतःला देखणी वाटते, तिच्यातून नक्षीची खोली दिसते. तीन पिढ्यांचा शालू असेल तर वस्त्रसंवर्धन शिकलेल्या माणसाशिवाय कुणाच्याही हाती देऊ नका.

तांब्याचा दबका काळा झाला असेल तर उजळायच्या मागे न लागता तो बदलावा. या कामाची खुबी अशी की दबका-सलमा कापडात विणलेले नसतात, मण्यासारखे ओवून वर टाचलेले असतात. मागून टाचणीचा दोरा कापला की तुकडे सुटतात, कापडाला इजा होत नाही. जुनी भोकं दिसतात, त्याच भोकांतून नवा दबका बसवायचा. दोरा मधमाशीच्या मेणावरून ओढून घ्यावा, म्हणजे तारेच्या कडेनं कातरला जात नाही. दबका कापताना खालच्या नक्षीच्या लांबीपेक्षा किंचित लहान कापावा. मोठा कापला तर तो कमानीसारखा उभा राहतो, पदराला अडकतो, ताणला जातो, आणि ताणलेली स्प्रिंग पुन्हा बसत नाही. कसबाची, म्हणजे जरीच्या धाग्याची, रेघ आरीनं भरलेली असेल तर मात्र ती साखळी आहे, एका टोकाकडून ओढली की सगळी सुटते. तिथे खराब भागाच्या दोन्ही टोकांना आधी गाठ मारून घ्या. आणि ज्या अस्तरामुळे काळं झालं ते अस्तर तसंच ठेवून नवा दबका भरू नका. दुरुस्ती करणारे बरेचदा हेच करतात, आणि पुढच्या वर्षी तोच कपडा परत येतो.

वरून पारदर्शक लॅकर किंवा हेअरस्प्रे मारून देण्याची पद्धत सुरू झाली आहे. तो थर कापडावर डाग सोडतो, पिवळा पडतो, स्प्रिंगच्या वेटोळ्यांच्या आत पोचत नाही. मी तो कुणालाही सुचवत नाही.

ठेवायचं कसं

कार्यक्रमाहून आल्यावर कपडा रात्रभर पंख्याखाली उलटा करून वाळू द्या. घामाची दमट उब कपाटात कोंडणं हे सगळ्यात वाईट. मग धुऊन खळ पूर्ण काढलेल्या मलमलीत गुंडाळा. घडी घालण्याऐवजी जाड गुंडाळीवर गुंडाळता आलं तर उत्तम, ब्लाउजच्या आत मलमलीचा बोळा भरला तरी घडीची रेघ पडत नाही. वर्तमानपत्र, पुठ्ठ्याचा खोका, उग्र वास येणारं जाड पारदर्शक प्लास्टिकचं चेनवालं कव्हर, तिन्ही टाळा. डांबरगोळी जरीशेजारी ठेवू नका.

जुलैत आपल्याकडे हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर असते. घट्ट झाकणाच्या पॉलिथिलीनच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या तर आत ती 50च्या खाली ठेवता येते. दाण्यांचा रंग नारिंगीचा हिरवा झाला की पुड्या बदला, किंवा दाणे काढून ओव्हनमध्ये 110 ते 120 अंशांवर वाळवा. पण जेल फक्त पाणी ओढतं, गंधक नाही. खाडीकाठच्या घरात त्याच्या जोडीला सराफी सामानाच्या दुकानात मिळणारी काळवंडणं रोखणारी पट्टी किंवा सक्रिय कोळशाची पुडी डब्यात ठेवा, कपड्याला न टेकता. डबा पावसाळ्याच्या मधोमध उघडून बघायचा मोह आवरा. हवा खायला द्यायची असेल तर थंडीतला कोरडा दिवस निवडा. इस्त्री नेहमी उलट बाजूनं, खाली टॉवेल घालून, मंद आचेवर, वाफ बंद ठेवून. ड्रायक्लीनला देताना टिकल्या आणि लॅकरची जर आहे हे पावतीवर लिहून घ्या, कारण काही सॉल्व्हंटमध्ये दोन्हींचा रंग उतरतो.

नवीन ऑर्डर देत असाल तर कारागिराला चार गोष्टी आधीच विचारा: दबका तांब्याचा की प्लास्टिकचा, उठावात काय भरणार, अस्तर कुठलं, खडे कशानं चिकटवणार. उरलेल्या दबक्याची एक चिमूट आणि अस्तराची कातरण कागदी पाकिटात घालून, त्यावर महिना लिहून मागून घ्या. काम काळं पडलंच, तर बरणीत काय घालायचं हा प्रश्न उरत नाही, आणि दुकानदार, कारागीर किंवा तुम्ही स्वतः, कुणावरही उगाच आळ येत नाही.